कंट्री गाण्यांत भाव नाही असं म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यात त्यांनी लिहिलं होतं की इंग्रजी गाण्यांत नुसता ठेका असतो, भाव म्हणाल तर तो आपल्या भावगीतांतच. भावगीतांवर माझंही तेवढंच प्रेम आहे, आमच्या घरात बाबूजींची गाणी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, कारण मी कित्येक वर्षं रात्री ओटा आवरून झाला की अमेरिकेतली जुनी कंट्री गाणी ऐकत आलेय आणि त्यातली काही अशी आहेत की ती लागली की हातातलं काम बाजूला ठेवून बसावंच लागतं. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय हे मला माहीत आहे, जागेसाठी कापावं लागलं तर कापा, पण जिम रीव्हज आणि जॉर्ज जोन्स या दोन गायकांबद्दल लिहिलंय ते तेवढं ठेवा ही विनंती.

कंट्री म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर मोठ्या टोपीवाले काउबॉय येतात. खरं तर ही गाणी शेतमजुरांची, कोळसा खाणीत उतरणाऱ्यांची, रेल्वेत ब्रेक लावायचं काम करणाऱ्यांची आहेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर २८ नोव्हेंबर १९२५ ला ७७ वर्षांचे अंकल जिमी थॉम्प्सन फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेऊन वाजवायला बसले आणि त्यातून पुढे ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम उभा राहिला, तो अजून चालू आहे, २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. विचार करा, शंभर वर्षं एक रेडिओ कार्यक्रम! आणि त्याच्या पुढच्या-मागच्या काळात, १९२७ च्या उन्हाळ्यात, राल्फ पीअर नावाचा व्हिक्टर कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं सामान घेऊन बसला तेव्हा आसपासच्या डोंगरातली साधी माणसं येऊन गायली, त्यात कार्टर फॅमिली हे गाणारं कुटुंब होतं, त्यांच्यातली मेबेल तर तेव्हा गरोदर होती आणि तशीच गिटार घेऊन आली होती, आणि रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स होता, त्याला टीबी होता.

या जिमी रॉजर्सबद्दल वाचलं तेव्हा मला लगेच आमचे देवासचे कुमारजी आठवले. रॉजर्सने आपल्या टीबीवरच गाणं केलं, आणि १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला शेवटचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर आडवं व्हावं लागत होतं, त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला, वय ३५. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं १९४३ ला, म्हणजे त्याच्यासाठी दहा वर्षं उशिरा. कुमार गंधर्व १९४८ मध्ये हाच आजार घेऊन देवासला आले, त्यांना ते औषध मिळालं, काही वर्षं गाणं बंद होतं पण अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची, जोगी-फकिरांची गाणी कानावर पडत राहिली आणि ते बरे झाले तेव्हा तीच गाणी त्यांच्या गळ्यातून नवी होऊन आली. इंदूरच्या माणसाला कुमारजींच्या भजनातला हंस एकटा उडून जातो हे समजावून सांगावं लागत नाही, लहानपणापासून कानावर असतं. तसंच्या तसं कंट्रीतही सारखं येतं, हे जग आपलं घर नव्हे, नदीपलीकडे भेट होईल, डब्यात बसलोय आणि गाडी निघालीय. त्यामुळे मला ही गाणी परकी अशी कधी वाटलीच नाहीत.

मला जे सांगायचंय ते असं की या गाण्यांत दुःख आवरून सांगितलेलं असतं. गाणारा कुठलीतरी एक छोटी वस्तू धरतो, टेलिफोन, कोट, जुनी पत्रं, आणि तिच्याबद्दल साध्या शब्दांत बोलत राहतो, बाकीचं ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप होतं. आपल्या घरांतही दुःख असंच बोललं जातं ना, कोणी गेलं तर आपण पाणी प्यायलास का, जेवलास का असंच विचारतो.

आता जिम रीव्हज. माझं लहानपण महूचं, वडील मिलिटरी अकाउंट्समध्ये क्लार्क होते. महूत ऑफिसर लोकांच्या बदल्या सारख्या व्हायच्या आणि जाताना ते जड सामान विकून टाकायचे, तसाच एक रेकॉर्ड प्लेअर आणि सोबत रेकॉर्डचा गठ्ठा बाबांनी घेतला, त्यात बहुतेक सगळा जिम रीव्हजच होता. आमच्याकडे दुसरं इंग्रजी काही नव्हतंच त्यामुळे आम्ही भावंडांनी तेच ऐकलं, इतकं ऐकलं की कुठे खरखर येणार ते पण पाठ झालं होतं. त्यातलं "हील हॅव टू गो" हे गाणं १९५९ च्या शेवटी आलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, कंपनीने पुढे लावलं होतं दुसरंच गाणं, पण रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून हे वाजवलं आणि १९६० मध्ये ते अमेरिकेच्या कंट्री यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन या नवरा-बायकोने लिहिलेलं आहे. गोष्ट एवढीशी, एक माणूस बारमधून आपल्या मैत्रिणीला फोन करतोय, तिच्याजवळ दुसरा कोणीतरी बसलेला आहे हे त्याला कळलंय, तो तिला म्हणतो की फोन ओठांच्या जरा जवळ धर, मी इथल्या माणसाला ज्यूकबॉक्स, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची पेटी, हळू करायला सांगतो, आणि तू तुझ्याजवळ बसलेल्याला सांग की त्याला आता निघावं लागेल. बस. भांडण नाही, शिवीगाळ नाही, तिच्यावर आरोप पण नाही.

आमच्या आईला इंग्रजी यथातथाच यायचं, पण हे गाणं लागलं की ती म्हणायची, हा कोणाच्या तरी कानात बोलतोय. कसं ओळखलं तिने! जिम रीव्हज आधी जोरात, खुल्या आवाजात गायचा, बेसबॉल खेळायचा, पायाला दुखापत झाली तेव्हा खेळ सुटला, मग रेडिओवर अनाउन्सर झाला, आणि १९५७ च्या "फोर वॉल्स" पासून त्याने ओठ माइकच्या अगदी जवळ नेऊन, आवाज खाली आणून गायला सुरुवात केली. चेट अ‍ॅटकिन्स प्रोड्यूसर होते, त्यांनी मागची वाद्यं पण अशी ठेवली की आवाजाला धक्का लागू नये. म्हणून ते गाणं सभागृहात गायल्यासारखं वाटत नाही, आपल्याशी एकट्याशी बोलल्यासारखं वाटतं. आणि उच्चार इतके स्वच्छ की दहावीच्या मुलाला प्रत्येक शब्द कळावा, मी तर म्हणेन माझं निम्मं इंग्रजी या माणसाने सुधारलं. भारतात, श्रीलंकेत, नॉर्वेत, दक्षिण आफ्रिकेत लोकांनी त्याच्यावर एवढं प्रेम केलं त्याचं एक कारण हेच असणार, भाषा थोडी येत असली तरी चालायचं.

३१ जुलै १९६४ ला तो स्वतः छोटं विमान चालवत नॅशव्हिलला परत येत होता, वादळी पावसात सापडला आणि विमान झाडीत कोसळलं, सोबत त्याचा पियानो वाजवणारा होता, दोघांचे देह सापडायला तिसरा दिवस उजाडला. ४० वर्षांचा होता. त्याच्या बायकोने, मेरीने, त्याची राहिलेली रेकॉर्डिंग जपून जपून वर्षानुवर्षं बाहेर काढली आणि त्यातलंच "डिस्टंट ड्रम्स" १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, म्हणजे माणूस जाऊन दोन वर्षं झाल्यावर. मला मेरीबद्दल फार वाटतं. नवऱ्याचा आवाज रोज ऐकायचा, कुठलं गाणं आता द्यायचं ते ठरवायचं, कसं केलं असेल तिने.

हँक विल्यम्स मला उशिरा भेटला, नोकरीला लागल्यावर, कॅसेटवर. त्याचं "आयम सो लोनसम आय कुड क्राय" १९४९ चं आहे. त्यात गाणारा स्वतःबद्दल फार थोडं बोलतो, तो सांगतो की रातव्याच्या जातीचा एक पक्षी ओरडतोय आणि त्याला उडायचंही बळ नाही असं वाटतंय, मध्यरात्रीची गाडी बारीक रडल्यासारखी शिट्टी देतेय, चंद्र ढगाआड जाऊन बसलाय. ज्याने महूला रात्री खंडव्याकडून पाताळपाणीचा घाट चढून येणाऱ्या मीटर गेज गाडीची शिट्टी ऐकलीय त्याला हे गाणं वेगळं शिकवावं लागणार नाही. आणि ठेका बघा, ते वॉल्ट्झ म्हणतात, तीन-तीनचा, आपल्या कानाला सरळ दादरा वाटतो. एवढं दुःख आणि झोपाळ्यावर बसल्यासारखी हलती लय, दोन्ही एकदम, त्यामुळे ते गाणं जास्तच आत जातं असं मला वाटतं. तुमच्या वाचकांत तबला शिकलेले पुष्कळ असतील, त्यांनी एकदा ते गाणं लावून मांडीवर दादरा धरून बघावा.

या हँकला गिटार शिकवली रूफस पेन नावाच्या रस्त्यावर गाणाऱ्या एका काळ्या वादकाने, हे मुद्दाम लिहितेय कारण कंट्री म्हणजे फक्त गोऱ्यांचं संगीत असा समज आहे, आणि पुढे चार्ली प्राइडसारखा काळा गायक त्यातला मोठा स्टार झाला ते पण लोकांना माहीत नसतं. हँकच्या पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष होता, सारखी दुखायची, त्यातून दारू आणि औषधं. १ जानेवारी १९५३ ला ओहायोत त्याचा कार्यक्रम होता, बर्फामुळे विमान मिळालं नाही म्हणून गाडीने निघाला आणि गाडीच्या मागच्या सीटवरच गेला, गाडी चालवणारा कॉलेजचा पोरगा होता. हँकचं वय फक्त २९. एवढ्या वयात माणसाने एकटेपणाबद्दल असं काही लिहून ठेवलंय की साठी उलटलेल्या बाईला आपलं वाटावं.

आणि ती मागे वाजणारी स्टील गिटार! ही तर मला आपल्याकडच्या शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना सांगावीशीच वाटते. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटारच्या तारांवर लोखंडी पट्टी सरकवून वाजवायची रीत बसवली असं मानतात, ती रीत अमेरिकेत गेली आणि कंट्रीत शिरली, १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या "स्लोली" या गाण्यात बड आयझॅक्सने पायाने पेडल दाबून सूर वाजता वाजता वाकवले आणि मग सगळेच तसं करायला लागले. तीच हवाईयन गिटार दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आली, टाउ मोए हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून शिकवत होते, आणि मग आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ती किती वाजली ते तुम्हाला माहीतच आहे. पुढे पंडित विश्वमोहन भट्टांनी तिची मोहन वीणा केली आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर १९९४ चं ग्रॅमी घेतलं. म्हणजे बघा, नॅशव्हिलची गिटार आणि आपली गिटार दोघी सख्ख्या बहिणी. एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायचं ही मींडच झाली की. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात राहणाऱ्या माणसाला मींड कशाला शिकवायची, तो कान आपल्याकडे आधीच तयार आहे, फक्त एकदा तिकडे वळवायचा आहे.

पॅट्सी क्लाइन या गायिकेचं "क्रेझी" बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, ते लिहिलं विली नेल्सनने. जून १९६१ मध्ये तिच्या गाडीला भयंकर अपघात झाला, ती काचेवर आदळली होती, आणि ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन स्टुडिओत आली. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात, म्हणून प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडलींनी त्या दिवशी वाद्यं रेकॉर्ड करून घेतली आणि ती नंतर परत येऊन गायली. ते वाचल्यापासून मी त्या गाण्यात दुखणं शोधत असते पण ते कुठेच ऐकू येत नाही, ती लयीच्या किंचित मागून, आरामात, शब्द टाकत जाते, तू मला सोडून जाणार हे मला माहीत होतं असं म्हणते आणि तक्रार म्हणून करत नाही. ५ मार्च १९६३ ला ती पण विमान अपघातात गेली, एका वारलेल्या रेडिओवाल्याच्या कुटुंबासाठी मदतीचा कार्यक्रम करून परत येत होती. ३० वर्षांची होती. या लोकांची आयुष्यं एवढी लहान का असतात कळत नाही.

"लुसिल" ऐका म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते. केनी रॉजर्सने १९७७ मध्ये गायलं. टोलेडो गावातल्या स्टेशनसमोरच्या बारमध्ये एक बाई अंगठी काढून बसते, गोष्ट सांगणारा तिच्याशी गप्पा मारायला लागतो, तेवढ्यात तिचा नवरा येतो, डोंगराएवढा माणूस, हातांना घट्टे पडलेले, सगळ्यांना वाटतं आता मारामारी होणार, आणि तो थरथरत बायकोला म्हणतो की तू निघून जायला काय वेळ निवडलीस, घरात चार मुलं भुकेली आहेत आणि शेतात पीक उभं आहे. एवढं बोलून तो वळतो. माळव्यात सोयाबीन कापणीला आलेलं असताना मजूर मिळत नाहीत तेव्हा घरोघरी काय हाल होतात ते आमचे सांवेर-देपालपूरकडचे नातेवाईक सांगतात, त्यामुळे तो पिकाचा उल्लेख मला पोटात लागतो. बाईचीही बाजू आहे त्या गाण्यात, तिला जगायचं होतं, ती पण थकलेली होती. कोणाला वाईट ठरवत नाहीत, हेच मला आवडतं.

बॉबी बेअरचं "डेट्रॉइट सिटी" १९६३ चं. दक्षिणेतल्या शेतातून डेट्रॉइटला मोटारी बनवायला गेलेला माणूस घरी पत्रं लिहितो, त्या पत्रांवरून घरच्यांना वाटतं याचं उत्तम चाललंय, आणि तो दिवसभर कारखान्यात आणि रात्री बारमध्ये असतो आणि त्याला फक्त घरी जायचं असतं. आमच्या इंदूरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या चाळींत असे किती जण राहून गेले असतील, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून आलेले. माझी मुलगी बंगळूरला असते, रोज रात्री फोनवर सगळं मस्त चाललंय आई असं म्हणते. हे गाणं ऐकल्यापासून मी तिचा आवाज जास्त नीट ऐकते आणि फार खोदून विचारत नाही, फक्त घरी कधी येतेस एवढं दर वेळेला विचारते.

डॉली पार्टनवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल. टेनेसीच्या डोंगरात एका खोलीच्या घरात १२ भावंडांत वाढलेली मुलगी, तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते तर वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. तिचं "कोट ऑफ मेनी कलर्स" १९७१ चं आहे. आईने चिंध्या जोडून लेकीला कोट शिवला, शिवताना बायबलमधल्या योसेफच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगितली, आणि ती मुलगी राणीसारखी शाळेत गेली तर पोरं हसली, तिला कळेचना ही का हसतात, कारण तिला तर तो कोट सगळ्यात श्रीमंत वाटत होता. बसमधून प्रवास करताना सुचलं तेव्हा जवळ कागद नव्हता म्हणून तिने ड्रायक्लीनिंगच्या पावत्यांच्या मागे लिहून काढलं. ज्या घरात आजीच्या लुगड्यांची गोधडी अजून वापरात आहे त्या घरातल्या माणसाने हे गाणं कोरड्या डोळ्यांनी ऐकून दाखवावं. गरिबी या गाण्यात लपवलेली नाही आणि तिचं प्रदर्शनही मांडलेलं नाही, एका मुलीला आपल्या आईचा अभिमान आहे, बस तेवढंच आहे. लोरेटा लिनचं "कोल मायनर्स डॉटर" पण याच जातीचं, केंटकीच्या खाणकामगाराची आठ मुलांतली मुलगी, आई हात सोलेपर्यंत कपडे घासायची ते पण सांगते आणि त्या दिवसांत प्रेम होतं ते पण सांगते. जात्यावरच्या ओव्यांत आपल्या बायका हेच सांगायच्या, माहेर, भाऊ, आईचे कष्ट.

डॉलीचंच "आय विल ऑल्वेज लव्ह यू" लोकांना व्हिटनी ह्यूस्टनमुळे माहीत आहे. व्हिटनीचा आवाज आभाळाएवढा होता यात वाद नाही, पण १९७४ चं मूळ गाणं एकदा ऐका. पोर्टर वॅगनर, ज्याच्या टीव्ही कार्यक्रमातून डॉली पुढे आली, त्याला सोडून स्वतःच्या वाटेने निघताना तिने ते लिहिलं. कामाची जागा सोडताना गुरूचा निरोप घ्यायचा म्हणजे किती जड जातं हे ज्याने केलंय त्याला माहीत. ती हळू गाते, मध्ये एक कडवं नुसतं बोलते. मला ते बोललेलं कडवं जास्त प्रिय आहे.

जॉनी कॅशबद्दल सगळे लिहितात म्हणून मी थोडंच लिहिते, १३ जानेवारी १९६८ ला फॉल्सम तुरुंगात तो कैद्यांसमोर गायला, आणि तिथल्याच ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलेलं गाणं त्याने आदल्या रात्री शिकून घेऊन त्याच्याच समोर गायलं, तो पहिल्या रांगेत बसला होता. आणि मर्ल हॅगर्ड, जो स्वतः तरुणपणी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होता, त्याचं १९६८ चं "मामा ट्राइड", आईने आपल्या परीने सगळं केलं, बिघडलो तो मीच, असं सांगणारं. "टेक मी होम, कंट्री रोड्स" तर आपल्याकडे प्रत्येक कॉलेजच्या ट्रिपमध्ये गातात, सुरुवात करायला चांगलं आहे, पण तिथेच थांबू नका.

आता जॉर्ज जोन्स. "ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे", १९८०. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी लिहिलं. खुद्द जॉर्ज जोन्सला ते गाणं नको होतं, एवढं मरणाचं गाणं कोण विकत घेणार असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्या काळात तो दारूत इतका बुडालेला होता की रेकॉर्डिंग वर्षभराहून जास्त रेंगाळलं, बिली शेरिल या प्रोड्यूसरने ते तुकड्या-तुकड्याने पूर्ण करून घेतलं. गाण्यातला माणूस एका बाईला म्हणाला होता की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करेन. ती म्हणाली, विसरशील. तिने कधीकाळी पाठवलेली पत्रं त्याने जपून ठेवली, १९६२ ची तारीख असलेली, आणि ज्या ज्या ठिकाणी तिने प्रेमाचं काही लिहिलं होतं तिथे तिथे लाल रेघ ओढून ठेवली. गाणं सांगणारा त्याचा मित्र आहे. तो म्हणतो की मी आज त्याला बघायला गेलो, आणि काय छान कपडे घातलेत, कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. आणि मग हळूहळू आपल्या लक्षात येतं की हे कपडे कसले आणि आज त्याचं प्रेम थांबलं म्हणजे काय झालं. शेवटी ती येते त्याला बघायला. हा भाग जोन्स गात नाही, बोलतो. मागे एक बाई वर, लांब, शब्दांशिवाय गात असते.

या गाण्याला सलग दोन वर्षं, १९८० आणि १९८१, कंट्री म्युझिक असोसिएशनचं वर्षातल्या उत्तम गाण्याचं बक्षीस मिळालं, आणि २०१३ मध्ये जॉर्ज जोन्स गेला तेव्हा अ‍ॅलन जॅक्सनने ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर त्याच्या अंत्यविधीत हेच म्हटलं. पण माझ्यासाठी त्यात ती लाल रेघ आहे. आमची आई गेल्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या, धणे पूड, सुंठ, उपासाची भाजणी. मी एकदा डबे घासायला काढले तर बाबा म्हणाले चिठ्ठ्या ओल्या करू नकोस. त्याच्या आधी किंवा नंतर आईबद्दल ते फारसं काही बोलले नाहीत. डब्यात वस्तू बदलल्या, सुंठीच्या डब्यात पुढे साखर भरायला लागलो, पण चिठ्ठी सुंठीचीच. पुढे हे गाणं पहिल्यांदा नीट शब्द समजून ऐकलं तेव्हा मला बाबांच्या त्या एका वाक्यात काय काय होतं ते कळलं. आता तुम्हीच सांगा, यात भाव नाही म्हणायचं?

माझी एक विनंती आहे, पुरवणीत महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या भाषेतल्या गाण्यांवर वाचकांना लिहू द्या, गाण्याची गोष्ट मराठीत सांगायची म्हणजे ज्यांना इंग्रजी उच्चार लागत नाहीत त्यांनाही वाट सापडेल. फोनवर ऐकणाऱ्यांना एक सांगते, मूळ वर्षाचं रेकॉर्डिंग बघून घ्या, बऱ्याच गायकांनी हीच गाणी म्हातारपणी पुन्हा रेकॉर्ड केलेली आहेत आणि कितीतरी गाणी भलत्यांनीच गाऊन तिथे टाकलेली आहेत. आणि महू-इंदूरच्या कोणाच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्ड पडल्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. आमचा प्लेअर अजून चालतो, सुई मध्यंतरी बदलून घेतलीय. टिळक नगर, रामबागकडच्या कोणाला एखाद्या संध्याकाळी बसून ऐकायचं असेल तर तुमच्या ऑफिसकडे निरोप ठेवावा, मी शब्द मराठीत समजावून सांगेन, घाई अजिबात नाही, एका संध्याकाळी चार-पाच गाणी झाली तरी पुष्कळ.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर